व्हेल्डाचा गोलंदाज

प्रिय डेशॉन,

हे पत्र तुझ्या आईच्या हाती देतोय. शेरिलला सांगितलंय की ते शुक्रवारच्या आत तुला मिळालंच पाहिजे, आणि तू शेवटपर्यंत वाचेस्तोवर तिनं समोरून हलायचं नाही. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. स्वतः आलो असतो. पण मार्चपासून तू आमच्या घरावरून जाताना मान वळवून समोरच्या उसाकडे बघत जातोस, आणि मी व्हरांड्यात असलो तर उठून आत जातो. दोघांनाही ते आता अंगवळणी पडलंय. म्हणून लिहितोय. चाळीस वर्षं जमीन-मोजणीच्या खात्यात गेली, तिथं लिहायचं म्हणजे हद्दी आणि फूट-इंच. एवढं लांब पत्र मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही, व्हेल्डालाही नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर शेरिल मला फाटकापाशी भेटली. हसत होती आणि डोळेही पुसत होती. म्हणाली, "अंकल, शुक्रवारी त्याची तब्येतीची तपासणी आहे आणि शनिवारी विमान. पहिल्याच कसोटीत खेळवणार म्हणतायत!" इंग्लंडमध्ये, विसाव्या वर्षी, वेस्ट इंडीजकडून. मी म्हणालो, "चांगलं झालं." मग तिनं माझा दंड धरला आणि आवाज खाली आणला. "रोज संध्याकाळी पाठीला ते बे रमचं औषध चोळून मागतोय. इथं, डावीकडे. म्हणतो, आई, विमानात बसेपर्यंत तोंड उघडू नकोस. तुम्हीपण कुणाला बोलू नका हं, अंकल." मी मान हलवली आणि कुणाला बोललो नाही. तुझ्याशीच बोलू नका असं काही ती म्हणाली नव्हती, एवढी एक पळवाट मी काढली आहे.

पाठीकडे येतो. पण आधी रेडिओचं सांगायला हवं, नाहीतर तू पुढचं वाचायचा नाहीस.

व्हेल्डा गेल्याचं रेडिओवर सांगितलं त्या दुपारी तू ऑटलिनच्या दुकानात होतास. मृतांची नावं वाचायला लागले की आपल्याकडे रमचा पेला तोंडाशी थांबतो आणि डॉमिनोची सोंगटी हातातच राहते. आधी नाव, मग लोक ज्या नावानं हाक मारायचे ते, मग नवरा, मुलं, भावंडं, ब्रुकलिनची, टोरांटोची, लंडनची, मग भाचरं, मग शेजारीपाजारी. कुणाचं नाव आलं आणि कुणाचं राहिलं यावरून या बेटावर सख्ख्या बहिणी दहा-दहा वर्षं एकमेकींच्या दारात गेलेल्या नाहीत. माझा डॉमिनोचा जोडीदार बर्टन तिथंच होता, त्यानं मला नंतर सांगितलं. म्हणाला, पोरगा उभा राहून ऐकत होता, टोपी काढून. सगळी नावं झाली. टोरांटोच्या शेजारणीचंसुद्धा झालं. पुढच्या मृताचं नाव सुरू झालं तरी तो उभाच. ऑटलिन म्हणाली, "राहिलं असेल रे राजा, हे रेडिओवाले मेले घाई करतात." तू टोपी घातलीस आणि निघून गेलास.

रेडिओवाल्यांनी घाई केली नव्हती. ती यादी व्हेल्डानं स्वतः लिहून ठेवली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई, उद्या चारशे पोरांना किती तांदूळ लागणार हे आज लिहून ठेवायची, तिनं आपलं मरण दुसऱ्यावर सोपवलं नसतंच. वहीचं पान होतं. पहिल्या ओळीत 'एल्रिक बोव्हेल यांची पत्नी'. दुसऱ्या ओळीत 'मार्व्हाची आणि डेशॉन गिटन्सची आई'. मानलेली वगैरे काही नाही. नुसतं आई, आमच्या पोटच्या पोरीच्या बरोबरीनं, एकाच ओळीत. ते पान घेऊन मी बसनं ब्रिजटाउनला निघालो. बस ऑइस्टिन्सला मासळीबाजारापाशी थांबली तेव्हा खिशातून पेन काढलं आणि तुझं नाव खोडलं. नुसती रेघ मारली नाही, खालचं अक्षर कुणाला लागू नये असं गिरवून गिरवून खोडलं. रेडिओच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "इथं काय होतं, सर?" मी म्हणालो, "चूक." मार्व्हा विमानानं आली, आईला माती दिली, परत गेली. तिला हे माहीत नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

का, ते सांगायचं तर मला मागे जावं लागेल. मला तुझा हेवा वाटत आला आहे, डेशॉन. थोडाथोडका नाही आणि कालपरवापासूनचाही नाही.

तू सात वर्षांचा होतास. शेरिलची हॉटेलातली पाळी रात्री आठला संपायची, म्हणून शाळा सुटली की तू आमच्याकडे यायचास. व्हेल्डा तुला खायला घालायची आणि तू मागच्या अंगणात पत्र्याच्या कुंपणावर चेंडू आपटत बसायचास. चेंडू नसला तर कच्चं लिंबू. पत्र्याचा तो आवाज ऐकून कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं. मी व्हेल्डाला म्हणालो, "याला बंद कर, नाहीतर नाश्त्याला लिंबं खावी लागतील." लग्न झाल्यापासून मला त्या अंगणात दुपारी खिळासुद्धा ठोकायची परवानगी नव्हती, कोंबड्या बिचकतात म्हणून. ती खिडकीत उभी राहून तुला बघत होती. म्हणाली, "कोंबड्या दुसऱ्या आणता येतील." मी पेपर वाचत होतो. पेपरवरून मान वर करून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तसं तोंड मी आधी पाहिलेलं नव्हतं.

तुला कुणी सांगितलंय की नाही ठाऊक नाही, मीही गोलंदाज होतो. बर्टनसारखे जुने लोक अजून सांगतात. सेंट फिलिप परगण्यात माझ्याइतका वेगवान दुसरा नव्हता, हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. आपल्या खेळायच्या कुरणाच्या त्या टोकाला सुरूची झाडं आहेत ना, तिथून मी धावत यायचो आणि यष्टिरक्षक वीस पावलं मागे उभा राहायचा. एकविसाव्या वर्षी मला बार्बाडोसच्या निवड-सामन्याला बोलावलं. त्याच्या आधी तीन आठवडे पाठ दुखत होती. कमरेच्या वर, डावीकडे, एका बोटाखाली झाकेल एवढ्या जागेत. आई फ्लॅनेल गुंडाळायची आणि बे रम चोळायची. सामन्याच्या सकाळी कप्तानानं विचारलं, "काही दुखतंय-खुपतंय?" मी म्हणालो, "नाही, कप्तान." अकरा षटकं टाकली, तीन बळी घेतले. बाराव्या षटकाच्या दुसऱ्या चेंडूला पाय टेकला आणि पाठीत काहीतरी तुटलं, उसाचं कांडं मोडावं तसं. मला पाण्याच्या गाडीवर घालून बाहेर आणलं. एक्स-रेत काही दिसलं नाही, डॉक्टर म्हणाला, स्नायू आखडलाय. त्या काळात या बेटावर वेगवान गोलंदाज रस्त्यावर सांडलेले असायचे. एक पडला तर दुसरा उचलायचा. मला परत कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. पंधरा वर्षांनी दुसऱ्याच दुखण्यासाठी एक्स-रे काढला, तेव्हा एका तरुण डॉक्टरनं फिल्म उजेडाकडे धरून विचारलं, "इथलं हाड कधी मोडलं होतं का तुमचं?"

व्हेल्डाशी माझं लग्न झालं ते त्या सामन्यानंतर चार वर्षांनी. तिनं लग्न केलं ते सरकारी नोकरीतल्या, ताठ चालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या माणसाशी. ताठ का चालतो ते तिनं विचारलं नाही. क्रिकेटला ती 'उन्हात उभं राहायची नोकरी' म्हणायची. एकदाच, नव्या नवलाईत, मी तिला सांगायला गेलो होतो की मी गोलंदाज होतो. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "इथल्या सगळ्याच पुरुषांना एकेकाळी राणीनं जेवायला बोलावलेलं असतं." मी हसलो आणि विषय सोडला. त्यानंतर पुन्हा काढला नाही. चूक तिची नव्हती. मी अडून बसून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं.

आणि मग ही बाई, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, एका शेजारणीच्या पोरापायी क्रिकेट शिकली. चेंडू जुना झाला की उलटा का वळतो हे ती मला जेवताना समजावून सांगायला लागली. मला! मी माशाचे काटे काढत ऐकून घेई. शनिवारी पुडिंग असलं की कडेचा खरपूस तुकडा, जो छत्तीस वर्षं माझ्या ताटात पडायचा, तो बशीखाली झाकून ठेवलेला असायचा. मी झाकण उचललं तर, "ते राहू दे, त्याचा सराव आहे आज." ऑटलिनच्या दुकानात बर्टननं मला एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे एल्रिक, तुझ्या घरात एक वेगवान गोलंदाज आहे म्हणे. मग जुना कुठे ठेवलास, माळ्यावर?" सगळे हसले. मीही हसलो. डॉमिनो मात्र त्या दिवशी मी इतक्या जोरात आपटला की ऑटलिन म्हणाली, टेबल मोडलंत तर भरून घेईन.

तू अठराव्या वर्षी ब्रिजटाउनच्या मोठ्या मैदानावर पहिला सामना खेळलास, तो दिवस आठवतोय? तुला तुझे बळी आठवत असतील. मला व्हेल्डाची टोपी आठवते. ती पिवळी टोपी तिनं मार्व्हाच्या लग्नाला घेतली होती आणि त्यानंतर कधी घातली नव्हती. मी फिशकेकची टोपली, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन शेजारी. तू पहिलं षटक टाकायला आलास आणि ती उभी राहून ओरडायला लागली, "पायावर टाक त्याच्या! पायावर टाक, उभा काय राहिलाय तो!" मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "आजी, बसा की, आम्हालाही तिकीट पडलंय." ती मागे न बघता म्हणाली, "माझा मुलगा टाकतोय. तुझा टाकायला लागला की मी बसेन." लोक टाळ्या वाजवायला लागले. मग त्या माणसानं मला विचारलं, "आणि तुम्ही वडील का?" मी म्हणालो, "नाही. मी यांच्याबरोबर आलोय."

तू कसा टाकतोस ते मला कळत नव्हतं असं समजू नकोस. बाकीचे वेग बघत होते. मी मनगट बघत होतो. शेवटच्या क्षणापर्यंत ते चेंडूच्या मागे राहतं आणि फलंदाजाला जो चेंडू बाहेर जाणारा वाटतो तो टप्पा पडल्यावर विचार बदलतो. हे शिकवून येत नाही. दहा-बारा वर्षांनी एखाद्याला मिळतं, आणि ज्याला मिळतं त्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो. तुझा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातमोज्यात बसतो तो आवाजही वेगळा आहे. तो मी डोळे मिटून ओळखतो. तू मोठा गोलंदाज होणार हे या बेटावर व्हेल्डाच्या खालोखाल मला सगळ्यांत आधी कळलं असेल. तेच मला सोसलं नाही. तू माझ्यापेक्षा थोडा हळू असतास, डेशॉन, तर मी तुझ्यावर माया केली असती. खांद्यावर हात ठेवून चार गोष्टी सांगितल्या असत्या, आणि तू कुठेतरी बार्बाडोसच्या दुसऱ्या संघापर्यंत जाऊन थांबला असतास, आणि मी म्हणालो असतो, पोरगा चांगला आहे, पण आमच्या वेळेला... तू मला ते म्हणायची जागाच ठेवली नाहीस.

डिसेंबरात तिचं दुखणं कळलं. तिला घरीच राहायचं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती फार थकली होती, दिवसातून एखादा तास नीट जागी असायची. एका सकाळी अशीच जागी झाली. मी खाटेशेजारी बसलो होतो. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. दोन दिवस मनाशी जुळवत होतो, कसं सुरू करावं याचा विचार करत होतो. मी म्हणालो, "व्हेल्डा, ऐक ना." तिनं एक बोट वर केलं. कानात रेडिओची तार होती, ती मला दिसली नव्हती. "थांब," म्हणाली, "त्याचं षटक चाललंय." मी थांबलो. तुझं षटक संपलं. दुसऱ्या बाजूनं फिरकीवाला आला. तोवर तिला झोप लागली होती. बोट तसंच पांघरुणावर थोडं वर राहिलं होतं, ते मी खाली ठेवलं. तू त्या डावात पाच बळी घेतलेस. त्यानंतर ती बोलली, पण पाणी, उशी, खिडकी, एवढंच. मला जे सांगायचं होतं ते राहिलंच. तिसऱ्या आठवड्यात ती गेली, आणि मी ते वहीचं पान घेऊन बसमध्ये बसलो.

आता कळलं असेल पेन का काढलं. तेवढ्यासाठी माफी मागायची तर ती मागतो. पण खोडलेलं नाव रेडिओवर पुन्हा वाचत नाहीत, आणि एवढ्याचसाठी मी पत्र लिहिलंही नसतं. तू वर्षभरात विसरला असतास, मी मरेपर्यंत मान खाली घालून गेलो असतो. आपल्याकडे असंच चालतं.

खरं कारण गेल्या ऑक्टोबरातलं आहे. तू शिबिराहून परत आला होतास, रन-अप लांब केला होतास, वेग वाढला होता, आणि आपल्या कुरणावर क्लबचा सामना होता. सगळे तुझा वेग बघून वेडे झाले होते. मी पाय बघत होतो. रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या कुरणावर सोडायच्या आत मी मोजपट्टी आणि दोरी घेऊन गेलो आणि खेळपट्टीवरचे तुझे ठसे मोजले. तुझा मागचा पाय सरळ समोरच्या यष्ट्यांकडे तोंड करून पडत होता, आणि पुढचा पाय त्या रेषेला ओलांडून उजवीकडे, सात इंच. म्हणजे कंबर एकीकडे बघतेय, खांदे दुसरीकडे फिरतायत, आणि मधलं हाड दर चेंडूला पिळलं जातंय, तेही बरोबर डावीकडे, कमरेच्या वर. मी तिथं गुडघ्यावर बसलो होतो आणि मला वाटलं, हे माझेच ठसे आहेत. मी दोरी गुंडाळली आणि बुटानं ते ठसे पुसले. घरी आलो तर व्हेल्डा चहा घेऊन पायरीवर बसलेली. तिला काही ठाऊक नव्हतं मी कुठे गेलो होतो ते. म्हणाली, "एल्रिक, काल मला त्याच्या टाकण्यात काहीतरी वाकडं वाटलं. काय ते सांगता येत नाही, पण पोरगं दोन भागांत टाकतंय असं वाटलं. तू होतास ना पूर्वी गोलंदाज? काही चुकतंय का त्याचं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ते म्हटलं, की मी गोलंदाज होतो. म्हणजे तिला ठाऊक होतं. आणि विचारलं ते तुझ्यासाठी. मी म्हणालो, "काही चुकत नाही. छान टाकतोय." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तो ठेवूनच गेली. तेव्हा सांगितलं असतं तर दोन महिन्यांत पाय सरळ झाला असता आणि तुला विश्रांतीचीसुद्धा गरज पडली नसती. आता बहुतेक पडेल. उद्या सकाळी उठलास की डाव्या पायावर उभा राहा, दुसरा पाय उचल, आणि हळूच मागे झुक. त्या बोटभर जागेत सुरी फिरली तर शुक्रवारी ते विचारतील तेव्हा 'नाही' म्हणू नकोस. एमआरआय मागून घे. साध्या एक्स-रेवर राहू नकोस, माझं हाड मोडलं तेव्हा त्यात काहीच दिसलं नव्हतं. सहा महिने जातील, कदाचित नऊ. इंग्लंडचा दौरा जाईल. वेस्ट इंडीजची टोपी डोक्यावर यायच्या आत दुसऱ्याला जाईल, आणि तो कदाचित ती सोडणारही नाही, हे मला कळतं. लोक तुला म्हणतील, अरे तो म्हातारा जळतोय, त्याचं काय ऐकतोस. त्यांना सांग, हो, जळतोय, त्यानं स्वतःच लिहून दिलंय, आमच्या आईच्या मरणाच्या यादीतून त्यानं माझं नाव कसं खोडलं तेही दिलंय. शनिवारी विमान तुझ्याशिवाय उडालं तर माझ्या आतल्या एकाला बरं वाटेल. मी त्याला चांगला ओळखतो, तो अजून गेलेला नाही. म्हणून माझ्या शब्दावर विमान सोडू नकोस. पण मोजपट्टीला कुणाचा हेवा वाटत नाही. अठरा ठसे स्पष्ट होते, त्यातले सोळा रेषेबाहेर. हा आकडा जसाच्या तसा संघाच्या डॉक्टरला दाखव, बाकी पत्र दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव.

तू काहीही म्हटलंस तरी तुझाच,
एल्रिक बोव्हेल